मारक्या एडक्याचे काय करावे?



आम्ही कीर्तनकार मेंढराचा दृष्टांत देतो तो बहुधा एकाच कामासाठी. एक गेले की मागोमाग सगळी जातात. मान खाली, नजर पुढच्याच्या पाठीवर. ऐकणारा हसतो, कारण त्याला आपला शेजारी आठवतो. मेंढी गरीब, मेंढी भोळी, एवढ्यावर दृष्टांत संपतो. पण त्याच कळपात एक एडका असतो, आणि त्याच्याविषयी आमच्या वह्यांत काही लिहिलेले नसते. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत हत्ती आहे, हरिण आहे, अजगर आहे, मासाही आहे, एडका नाही. नवम स्कंधात उर्वशीने दोन मेंढे पोटच्या लेकरांसारखे सांभाळले आणि त्यांच्यापायीच ती पुरूरव्याला अंतरली, अशी कथा येते. ते मेंढे स्वभावाने कसे होते, हे मात्र तिथेही कळत नाही.

हा विषय लिहायला घेण्याचे कारण असे. माघ वारीत चंद्रभागेच्या वाळवंटात माण तालुक्यातील एक माळकरी भेटले. वय साठीच्या पुढे. घरी थोडी कोरडवाहू जमीन, अठरा मेंढ्या आणि एक एडका. एडका अडीच वर्षांचा, अंगाने भरलेला. कोणी वाकून वैरण टाकू लागले की मागून येऊन धडक देतो. गेल्या दिवाळीत त्यांच्या थोरल्या भावाला त्याने पाडले, खुब्याचे हाड मोडले. ते अजून काठीवर चालतात. माळकरी म्हणाले, ‘महाराज, घरात सात वर्साचा नातू हाय. विकावं तर कापायलाच जाणार, आन् गळ्यात माळ हाय. ठिवावं तर उद्या पोराच्या छातीत बसला म्हंजे? हाणावं तर आणखीनच चवताळतोय. तुम्ही सांगाल तसं करतो.’

वाळवंटातल्या गर्दीत जेवढे सांगता येईल तेवढे मी सांगितले. परंतु प्रश्न एका घरचा नाही. या मासिकाच्या वाचकांत जनावरे पाळणारे पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्या दावणीला काही नाही त्यांच्याही घरात एखादे शिंगे रोखून उभे असते. म्हणून सविस्तर लिहितो.

वारकऱ्याला मेंढरांचे खरे दर्शन काटेवाडीला होते. श्रीतुकोबारायांच्या पालखीला तिथे एका बाजूला धोतरांच्या पायघड्या असतात आणि दुसरीकडे रथाभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. लोकरीचा तो लोंढा धुळीतून गरगर फिरतो, आणि बघणाऱ्याला वाटते की या मुक्या जिवांनाही प्रदक्षिणा कळली. ते दृश्य डोळ्यांत ठेवून कोणी एडका पाळायला घेतला, तर मात्र त्याची फसगत होईल. रिंगणात धावतो तो कळप. एडका एकटा उभा राहिला म्हणजे वेगळा प्राणी असतो.

माझे बालपण माणदेशातच गेले. पाऊस संपला की आमच्या शिवारात धनगरांचे वाडे येऊन बसत. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत, कारण लेंडीखतासारखे दुसरे खत नाही, आणि त्याबद्दल वाड्याला धान्य देत. त्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडून जे ऐकले आणि पाहिले ते सांगतो. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक एडका पुरतो. जादा ठेवले तर त्यांचे आपसात लागते. दख्खनी एडक्याला वळलेली शिंगे असतात. जत भागातल्या माडग्याळी एडक्याला शिंगेच नसतात, नाक पोपटासारखे बाकदार असते. पण म्हणून तो गरीब असे कोणी समजू नये. मारायचे काम शिंग एकटे करत नाही, कपाळ करते. त्या हाडाची रचनाच अशी असते की आत पोकळ्या, वर जाड कवटी, आणि मानेत सगळ्या अंगाचे बळ. चाळीस-पन्नास किलोंचा जीव दहा पावलांवरून धावत येऊन गुडघ्यावर किंवा कमरेवर आदळला, तर तरणाबांड गडीही आडवा होतो. मेंढ्या माजावर येण्याच्या दिवसांत तर त्याचे भान आणखी सुटते.

तो सांगून येतो, हे लक्षात ठेवावे. आधी मान ताठ करतो, रोखून बघतो, पुढचा पाय आपटतो किंवा माती उकरतो, आणि मग मागे सरतो. अजाण माणसाला वाटते, भ्याला, मागे गेला. प्रत्यक्षात तो धावेला जागा करत असतो. धाव घेताना त्याचे डोके खाली जाते, आणि ऐन धडकेच्या वेळी त्याला समोरचे नीट दिसत नाही. जाणता मेंढपाळ त्या वेळी मागे पळत नाही. दोन पावले बाजूला होतो. पळणाऱ्याच्या पाठीत धडक बसते, आणि पडलेल्याला तो दुसरीही देतो.

आता त्या माळकऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, ती सांगतो. एडक्याची आई तो चार दिवसांचा असताना मेली. सुनेने त्याला बाटलीने शेळीचे दूध पाजून जगवले. घरात चुलीपाशी झोपवला. नातू आणि तो एकत्र खेळत. नातू त्याच्या कपाळाला तळहात लावून ढकली आणि कोकरू ढुशी मारी, की सगळे घर हसे. ‘पोटच्या पोरावानी केला, आन् तोच असा उलटला,’ असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होते.

परंतु तो उलटलेला नाही. तो शिकवल्याप्रमाणे वागतो आहे. रानातल्या कळपात वाढलेल्या एडक्याला माणसाचे भय असते, तो अंतर ठेवतो. बाटलीवर वाढलेला नर माणसाला आपल्या जातीचा समजतो, आणि एडक्याच्या जातीत दोन नर समोरासमोर आले की कपाळाला कपाळ लावून ठरवायचे असते. कपाळावर तळहात लावून ढकलणे हे आपल्याला लाडाचे वाटले. त्याने ते आव्हान म्हणूनच ऐकले, आणि रोज ऐकले. म्हणून अनुभवी मेंढपाळ नर कोकराचे डोके कधी खाजवत नाही. हनुवटीखाली हात लावील, पाठीवरून फिरवील, कपाळाला नाही. अनाथ कोकरू जगवावे लागलेच, तर बाटली संपली की लगेच कळपात सोडावे, किंवा ते नर असले तर लहानपणीच खच्ची करून घ्यावे. त्या सुनेची माया खोटी होती असे कोणी म्हणू नये. तिच्यामुळे तो जीव वाचला. मायेबरोबर अंतरही द्यावे लागते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. माणसांच्या मुलांविषयीही मला हेच म्हणायचे आहे, पण तो विषय मोठा आहे आणि वाचकांच्या घरात डोकावण्याचा मला अधिकार नाही.

आता पूर्वपक्ष घेऊ. पहिला पूर्वपक्ष काठीचा. कोणीही म्हणेल की महाराज, तुकोबारायांचा नाठाळाविषयीचा अभंग आपण शेकडो वेळा निरूपणाला घेतला असेल. मग विचारता काय? काठी घ्या. त्या अभंगात काठी आहे, हे मी नाकारत नाही. ज्यांना तुकोबा फक्त मऊ हवे असतात, ते तो अभंग चोरून वाचतात. पण नाठाळ कोणाला म्हणायचे? ज्याला बरे-वाईट कळते आणि कळूनही जो आडवा जातो, तो नाठाळ. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोन गोष्टी जवळजवळ आल्या आहेत. भगवंत आधी म्हणतात की प्राणी आपापल्या प्रकृतीच्या मागे जातात, तिथे निग्रह काय करणार. वाचणारा इथेच थांबला तर हात-पाय गाळून बसेल. परंतु लगेच पुढे सांगितले आहे की राग आणि द्वेष इंद्रियांच्या ठिकाणी बसलेले आहेत, त्यांच्या ताब्यात जाऊ नको. पहिले वाक्य सर्व भूतांना लागू आहे, एडक्यालाही. दुसरी आज्ञा आहे, आणि आज्ञा ज्याला ऐकता येते त्यालाच करता येते. ती एडक्याला केलेली नाही. ती वैरण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला केलेली आहे.

शिवाय व्यवहारात पाहिले तरी या ठिकाणी काठी चालत नाही. एडक्याच्या माथ्यावर काठी मारणे म्हणजे त्याच्याच भाषेत त्याला होकार देणे. दुसऱ्या एडक्याने दिलेली टक्कर त्याहून भारी असते, आणि ती तो आनंदाने सोसतो. तुमच्या फटक्याने त्याला एवढेच कळते की हा गडी लढायला तयार आहे. मग तो मागे सरतो आणि जास्त वेगाने येतो. मार खाऊन सुधारलेला एडका मी ऐकला नाही. मार खाऊन फक्त पाठमोऱ्या माणसावर येण्याचे शिकलेले मात्र पाहिले आहेत. आपल्या हातातली काठी त्याला अडवण्यापुरती, अंतर राखण्यापुरती असावी. त्याहून बरी एखादी रुंद फळी, कारण फळीआडचे माणूस त्याला दिसत नाही आणि धडक फळीवर जाते.

दुसरा पूर्वपक्ष दयेचा आहे, आणि वारकऱ्याला तो अधिक जवळचा वाटतो. सर्वांभूती भगवंत आहे. नामदेवरायांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. मग एडक्यासमोरही हात जोडून उभे राहावे, आपल्या ठायी वैर नसेल तर तोही शांत होईल. हे ऐकायला फार गोड आहे. पण नामदेवरायांचा कुत्रा भुकेला होता आणि नाथांचे गाढव तहानलेले होते. त्या दोघांना काय हवे आहे ते संतांनी ओळखले आणि तेच दिले. एडक्याला तुमचे जोडलेले हात नको असतात. श्रीरामकृष्ण परमहंसांनी सांगितलेला हत्तीचा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असेल. हत्तीत नारायण आहे म्हणून शिष्य वाटेतून हटला नाही, आणि हत्तीने त्याला सोंडेने उचलून फेकले. तेव्हा गुरूंनी विचारले, ‘बाजूला हो’ असे ओरडणाऱ्या माहुतातला नारायण तुला का ऐकू आला नाही? त्या माळकऱ्यांच्या घरी थोरल्या भावाचा मोडका खुबा हाच ओरडणारा माहूत आहे.

मग दया कुठे राहिली? इथे मला माउलींची आठवण होते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण आहे, आणि ते फार विलक्षण आहे. अहिंसा म्हणजे मारू नये, एवढे सांगून माउली थांबत नाहीत. अहिंसकाचे पाऊल जमिनीवर कसे पडते, त्याचे बोलणे कसे असते, त्याची नजर दुसऱ्या जिवावर कशी पडते, त्याचे हात कशासाठी उठतात, हे एकेक अंग घेऊन सांगितले आहे. अहिंसा ही चालण्या-बोलण्याची रीत आहे, असा त्याचा इत्यर्थ मी घेतो. ती रीत घेऊन एडक्याच्या गोठ्यात जाऊन पाहा. रोखून बघितले तर तो आव्हान समजतो. म्हणून नजर तिरकी, पण लक्ष पूर्ण. धावत गेलात तर बिथरतो. म्हणून पाऊल सावकाश. ओरडलात तर तापतो. म्हणून आवाज खालचा. हात कपाळाकडे गेला तर लढाई. म्हणून हात अंगाजवळ. पाठ कधी करायची नाही, वाकायचे नाही, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडायचे नाही. माउलींनी हे मेंढपाळांसाठी लिहिले असे मी म्हणणार नाही. पण ज्याने तो अध्याय अंगी मुरवला, त्याला एडका हाताळणे इतरांपेक्षा सोपे जाईल, हे निश्चित.

आणि कुंपण. कुंपणाला हिंसा म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्याकडे बहुधा जनावर नसते. अग्नीचे वाहन मेष आहे, असे आपली पुराणे सांगतात. अग्नीला आपण चुलीत ठेवतो, तीन बाजूंनी माती लिंपून. त्यात अग्नीचा अपमान नाही, आणि घरही जळत नाही. एडक्याला वेगळा खण हवा. जाळी छातीइतकी उंच आणि खांब पक्के. वैरण आणि पाणी बाहेरून देता येईल अशी गव्हाण कडेला लावावी, म्हणजे रोज आत शिरण्याचे काम पडत नाही. आत शिरावेच लागले तर दोघांनी जावे, आणि पोरांनी कधीही नाही. एकटा ठेवला तर तो झुरतो आणि अधिक मारका होतो, कारण शेवटी ते कळपातले जनावर आहे. म्हणून सोबतीला एखादा खच्ची केलेला नर द्यावा. मेंढ्यांत सोडायचा तो ठरलेल्या दिवसांपुरता. मेंढी पाच महिन्यांनी विते, तेव्हा कोकरे कोणत्या हंगामात हवीत ते मोजून सोडता येते. परदेशांत अशा एडक्याच्या डोळ्यांपुढे कातड्याचे झापड बांधतात. खाली मान घालून चरताना गवत दिसते, पण समोरचे दिसत नाही, आणि समोरचे दिसत नसले की तो धावत नाही. आपल्याकडे तेलघाण्याच्या बैलाला झापडे बांधत, त्यातलाच प्रकार.

वाड्यावर पाहिलेली एक युक्ती मला अजून विचार करायला लावते. दोन अनोळखी एडके एकत्र आणायचे असले की धनगर त्यांना मोकळ्या रानात सोडत नाहीत. वाघर आवळून इतक्या लहान जागेत कोंडतात की दोघांना वळता येते, बसता येते, पण मागे सरून धाव घेता येत नाही. ते ढुशा देतात, एकमेकांना रेटतात, धापा टाकतात. धाव नाही म्हणून कवटी फुटत नाही. दोन-तीन दिवसांत एकमेकांचा वास बसतो आणि मग एकत्र चरतात. मोकळ्या मैदानात सोडलेल्या दोघांपैकी एखादा मान मोडून मरतो. रागाला मारणारे बळ त्या मागे सरण्यातून येते. बांधावरून बोलणे बंद केलेले भाऊ वर्षावर्षाने मागे सरत जातात, आणि मग एखाद्या लग्नात किंवा कोर्टात जी धडक बसते तिच्यात घरे जातात. रोज एका ओसरीवर बसून कुरकुर करणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले. त्यांच्यात डोकी फुटलेली फारशी पाहिली नाहीत.

जत्रांमधून एडक्यांच्या टकरी लावतात, त्याविषयी दोनच वाक्ये. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने जनावरांना करमणुकीसाठी लढायला चिथावणे गुन्हा ठरवले आहे, आणि कायदा नसता तरी ज्या मांडवात सकाळी काल्याचे कीर्तन झाले त्याच्या मागेच संध्याकाळी पैजा लावून टकरी बघणाऱ्या माळकऱ्याला मी काय म्हणावे? एडक्याचा राग त्याचा स्वतःचा आहे, आणि तो विकत घेणारा हा आहे.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. कुंपण बांधायला जागा नाही, पैसा नाही, घरात दोन म्हातारी आणि एक पोर, मग काय करायचे? लोक तीन वाटा काढतात.

पहिली वाट, देवाच्या नावाने सोडून देणे. वळू सोडतात तसा एडका देवळात नेऊन सोडायचा, भंडारा उधळायचा आणि घरी यायचे. माझ्या मते ही सगळ्यात वाईट वाट आहे, कारण हिच्यावर पुण्याचा शिक्का आहे. ज्याचे मारणे आपल्या अंगणात सोसवत नाही, ते आपण गावच्या रस्त्यावर, शाळेला जाणाऱ्या परक्या पोरांवर सोडतो आणि वर देवाला साक्षी ठेवतो.

दुसरी वाट, न सांगता विकणे. आटपाडीच्या बाजारात किंवा कुठेही, सकाळच्या गार वेळी पोट भरून आणलेला एडका शांत दिसतो. गिऱ्हाईक दात बघते, वजन बघते, लोकर बघते. स्वभाव विचारला तर ‘लेकरावानी हाय’ म्हणायचे. गिऱ्हाइकाच्या घरीही एक नातू असतो. गळ्यात माळ असलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारले, तर त्या एडक्याने पुढे केलेल्या प्रत्येक धडकेत याचा वाटा राहतो. ‘मारका आहे, बाटलीवर वाढलेला आहे, मोठ्या कळपात आणि जाळीत ठेवणार असाल तरच न्या,’ एवढे सांगून विकला तर किंमत निम्मी येईल. ती येऊ द्यावी. पण पैदाशीसाठी असा नर विकू नये. आडदांड स्वभाव काही अंशी रक्तातून पुढे जातो, आणि त्याची पोरे उद्या दुसऱ्याच्या गोठ्यात मागे सरू लागतील.

तिसरी वाट, खच्ची करणे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने हे काम रक्त न काढता होते. काही माळकरी हे पाप मानतात. जनावराला दुःख होते हे खरे. पण त्यामुळे त्याचा माज उतरतो, त्याला मेंढ्यांजवळ राहता येते, आणि कापायला जाणे टळू शकते. अडीच वर्षांच्या एडक्याची लागलेली सवय एकदम जात नाही, म्हणून त्यानंतरही पाठ करायची नाही. तरी मला ही वाट इतर दोन्हींपेक्षा सरळ वाटते. बैलाच्या बाबतीत आपण पिढ्यान् पिढ्या हेच करत आलो आणि त्याच बैलाला पोळ्याला पुरणपोळी घातली.

हे सगळे करूनही भागले नाही तर? तर माझे उत्तर स्पष्ट आहे, आणि ते काही वाचकांना आवडणार नाही. सात वर्षांचे पोर आणि एडका यांत निवड करण्याची वेळ आली, तर पोर. एडका घरातून गेला पाहिजे, मग तो कुठे जाईल हे ठाऊक असले तरी. मेंढीपालनाचा सगळा व्यवहार शेवटी कुठे जाऊन मिळतो, हे ज्याच्या घरी चार मेंढ्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. लोकर आणि लेंडीखतावर आज कोणाचे घर चालत नाही. माळकरी मेंढपाळ या पेचात जन्मभर असतो. आम्ही शहरातल्या सभागृहात बसून त्याला हिणवावे, हे मला कधी मान्य झाले नाही. मात्र त्या दिवशी त्याने ‘देवाची इच्छा’ म्हणू नये. एकादश स्कंधातला अवंतीचा भिक्षू, ज्याला लोकांनी छळले, तो म्हणतो की माझ्या दुःखाला लोक कारण नाहीत, देव नाही, ग्रह नाहीत, कर्मही नाही; त्याने बोट मनाकडे वळवले. ज्याने एडका घालवला त्यानेही तसेच म्हणावे, की हे मी केले, याचे ओझे माझे. एक दिवस उपवास करावा, नामस्मरण करावे, आणि पुढच्या अनाथ नर कोकराला कसे वाढवायचे ते घरातल्या सगळ्यांना बसवून सांगावे.

त्या माळकऱ्यांची गोष्ट तिथवर गेली नाही. त्यांनी एडका चिमट्याने खच्ची करून घेतला, घरामागच्या पडक्या वाड्याच्या दोन भिंती धरून पुढे जाळी लावली, आणि गव्हाण बाहेरून केली. चैत्रात त्यांचा निरोप आला, त्यात एक नवा प्रश्न होता. आषाढीला फलटणपासून माउलींबरोबर चालायचा त्यांचा नेम आहे, आठ-नऊ दिवसांचा. भाऊ काठीवर, मुलगा पुण्याला कामाला. एडक्याला वैरण-पाणी सुनेने एकटीने करायचे का? नेम मोडावा का?

मी कळवले ते असे. सावतोबा अरणला आपल्या मळ्यात राहिले, आणि आजही त्यांची पालखी पंढरीला येत नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही आणि देव विटेवर थांबला. तेव्हा राहावे लागले तर कमीपणा नाही. पण आधी शेजारच्या दोघांना विचारा. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ गव्हाणीत बाहेरून पेंढी टाकायची आहे, कोणी ना कोणी हो म्हणेल. सुनेला सांगा, तिने हाक मारली तर तो जाळीपाशी येईल, कारण तिच्या हातचे दूध त्याने प्यायले आहे. तेव्हा बोलायला हरकत नाही, हात आत घालायचा नाही. शेजारी तयार झाले तर फलटणला या. नाही झाले तर दशमीला एस.टी.ने या आणि द्वादशीला परत जा.